प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर: ८ वर्षांच्या बॅकअपला डिस्क किती लागते?

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीतील ज्या कारखान्यांचे हिशेब, ड्रॉइंग आणि उत्पादनाच्या नोंदी स्वतःच्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स व्हीई या सॉफ्टवेअरने चालवलेल्या पाच-सहा व्हर्च्युअल मशीनमध्ये (एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी संगणकांमध्ये) आहेत, त्यांच्यासाठी प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हे आज मिळणारे सर्वांत योग्य सॉफ्टवेअर आहे, असे माझे मत आहे. व्हिएन्नाच्या कंपनीचे हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर नोव्हेंबर २०२०मध्ये पहिल्यांदा स्थिर स्वरूपात आले. ते वापरायला परवान्याचे पैसे पडत नाहीत. सपोर्ट आणि तपासून दिलेली अपडेट हवी असतील तर वार्षिक वर्गणी आहे. मात्र त्याचा खरा लाभ हवा असेल, तर डिस्क घेण्यापूर्वी हिशेब मांडावा लागतो, आणि तो हिशेब नेहमीच्या बॅकअपपेक्षा वेगळा आहे.

हे सॉफ्टवेअर मशीनची डिस्क ४ एमआयबीच्या (सुमारे ४.२ एमबीच्या) तुकड्यांत वाचते. या तुकड्यांना चंक म्हणतात. प्रत्येक चंकची ओळख एसएचए-२५६ या पद्धतीने ठरते आणि तोच चंक साठ्यात आधीपासून असेल तर तो पुन्हा लिहिला जात नाही. त्यामुळे प्रत्येक बॅकअप पूर्ण असतो आणि तरीही जागा फक्त बदललेल्या चंकांचीच लागते. मधला एखादा जुना बॅकअप काढून टाकला तरी पुढच्या बॅकअपला धक्का लागत नाही. आपल्याकडे लाइट जाते, यूपीएस संपतो आणि मशीन बंद पडतात. असे झाल्यावर कोणते भाग बदलले याची चालू मशीनकडची नोंद पुसली जाते आणि पुढच्या रात्री संपूर्ण डिस्क नव्याने वाचावी लागते. त्या रात्री वेळ जास्त लागतो, पण साठ्यातील जागा वाढत नाही.

आता आकडे पाहू. समजा, सर्व मशीनचा मिळून कॉम्प्रेस झालेला पहिला बॅकअप १.२ टीबीचा आहे आणि रोज ३० जीबी नवे चंक तयार होतात. आठवड्याचा बदल सातपट होत नाही, कारण बरेचसे तेच भाग पुन्हा पुन्हा बदलतात. म्हणून आठवड्याला ९० जीबी, महिन्याला २०० जीबी आणि वर्षाला ६०० जीबी धरू. रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे १२ आणि वर्षाचे ८ बॅकअप ठेवायचे ठरवले, तर सात रोजच्यांमध्ये सहा दिवसांचाच बदल असल्याने त्यांना जेमतेम १८० जीबी आणि आठवड्याच्यांना ३६० जीबी लागतात, महिन्याचे २.४ टीबी घेतात आणि वर्षाचे, सर्वांत नवा वर्षाचा बॅकअप महिन्याच्या बॅकअपमध्येच येत असल्याने उरलेल्या सातांचे, ४.२ टीबी घेतात. पहिल्या बॅकअपचे १.२ टीबी धरून एकूण सुमारे ८.३ टीबी. जागा खातात ते रोजचे बॅकअप नव्हेत, वर्षानुवर्षे ठेवलेले बॅकअप.

पण ही ८.३ टीबी पहिल्या दिवशी लागत नाही. पहिल्या वर्षाअखेर साठा ४.१ टीबीच्या आसपास येतो आणि पुढे दरवर्षी ०.६ टीबीने वाढतो, म्हणजे चौथ्या वर्षाअखेर तो ५.९ टीबी होतो. झेडएफएस (डिस्कवर फाइली साठवण्याची एक व्यवस्था) वापरणारा साठा ८० टक्क्यांच्या पुढे भरू देऊ नये हा संकेत पाळला, तरी ८ टीबीच्या दोन डिस्कांची आरशी जोडी (दोन्हींवर तोच डेटा) तोवर पुरते. सर्व्हरसाठीच्या चांगल्या हार्ड डिस्कची वॉरंटी साधारण ५ वर्षांची असते. त्यामुळे ८ वर्षांच्या डिस्क आजच घेऊन ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही; वॉरंटी संपताना मोठ्या डिस्क घ्याव्यात आणि साठा त्यांवर हलवावा.

रोजचे ३० जीबी हा आकडा मात्र गृहीत धरून चालत नाही, तो मोजावा लागतो, आणि फसगत नेमकी इथेच होते. डेटाबेसमध्ये ८ केबीचे एक पान बदलले तरी ४ एमआयबीचा संपूर्ण चंक नवा ठरतो, म्हणजे पाचशे बारापट. डेटाबेसचा इंडेक्स (शोधसूची) नव्याने बांधण्याचे काम दर रविवारी चालत असेल, तर सोमवारी सकाळी साठ्यात उडी दिसतेच. याहून मोठी गळती आपल्याकडच्या एका सवयीमुळे होते: टॅलीच्या किंवा एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाची झिप फाइल रोज रात्री त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर ठेवली जाते. झिप झालेला डेटा रोज संपूर्ण नवा दिसतो, त्यामुळे ४० जीबीची झिप म्हणजे ४० जीबीचे नवे चंक. अशा फाइलींना वेगळी व्हर्च्युअल डिस्क द्यावी आणि प्रॉक्समॉक्स व्हीईमध्ये मशीनच्या हार्डवेअर पानावर त्या डिस्कच्या ‘बॅकअप’ची खूण काढून टाकावी. तसेच मशीनच्या आत पुसलेली जागा मूळ सर्व्हरलाही रिकामी झालेली दिसावी यासाठी डिस्कवर ‘डिस्कार्ड’ चालू ठेवावे.

८ वर्षे कशासाठी, हेही ठरवायला हवे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १२८नुसार हिशेबाची पुस्तके ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील तर ऑगस्ट २०२२मधील नियमदुरुस्तीपासून त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. हे बंधन हिशेबाला आहे, छपाईच्या सर्व्हरला किंवा हजेरीच्या मशीनला नाही. एकाच डेटास्टोअरमध्ये (बॅकअपच्या साठ्यात) नेमस्पेस म्हणजे वेगळे कप्पे करून प्रत्येकाला वेगळा प्रून नियम (कोणते जुने बॅकअप काढायचे याचा नियम) देता येतो आणि डिडुप्लिकेशन, म्हणजे तोच चंक एकदाच साठवणे, तरीही सर्वांत मिळून चालते. वर्षाचे बॅकअप फक्त हिशेबाच्या मशीनचे ठेवले तर वरचे ४.२ टीबी पुष्कळच खाली येतात.

प्रून केल्यावर जागा लगेच मोकळी होत नाही, हे नव्या माणसाला गोंधळात टाकते. प्रून फक्त यादी पुसते. चंक पुसते ते गार्बेज कलेक्शन हे वेगळे साफसफाईचे काम, आणि तेही गेल्या २४ तास ५ मिनिटांत वापरलेल्या चंकांना हात लावत नाही. डेटास्टोअर काठोकाठ भरले तर हे कामही अडू शकते, म्हणून कोटा लावून थोडी जागा राखून ठेवावी. चंकची कॉम्प्रेशननंतरची सरासरी २ एमबी धरली, तर १ टीबीमागे ५ लाख फाइली होतात आणि गार्बेज कलेक्शन वापरातल्या प्रत्येकीला स्पर्श करते. नुसत्या हार्ड डिस्कवर हे फार रेंगाळते, ही या सॉफ्टवेअरची सर्वांत मोठी उणीव. मेटाडेटासाठी (फाइलींबद्दलच्या नोंदींसाठी) झेडएफएसचे स्पेशल डिव्हाइस म्हणून दोन छोट्या एसएसडी जोडल्या की फरक स्पष्ट जाणवतो. त्या जोडीनेच लावाव्यात, कारण ते डिव्हाइस गेले तर सगळा साठा जातो. सारांश पानावर डेटास्टोअर केव्हा भरेल याचा अंदाज आणि गार्बेज कलेक्शनच्या लॉगमध्ये डिडुप्लिकेशनचे प्रमाण दिसते. पहिले दोन महिने हे दोन आकडे वहीत उतरवून ठेवावेत, त्यावरून वरचा हिशेब दुरुस्त करता येतो.

दुसरी प्रत दुसऱ्या गावी हवी. वाळूजचा कारखाना असेल तर जालना किंवा लातूरच्या कार्यालयात दुसरा बॅकअप सर्व्हर ठेवून सिंक (दोन्ही साठे जुळवण्याचे काम) लावावे. तिथे नसलेलेच चंक जातात. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण मिळाली तर रोजचे ३० जीबी ४० मिनिटांत जातात, पण पहिल्या १.२ टीबीला २७ तास लागतात. त्यासाठी काढता येणाऱ्या डिस्कवरचे डेटास्टोअर भरून गाडीने नेणे सोपे. बाहेर जाणारी प्रत कूटबद्ध करायची असेल तर किल्लीची क्यूआर कोडसह छापील प्रत काढण्याची सोय आहे. ती कंपनीच्या तिजोरीत ठेवावी, कारण किल्ली हरवली तर ८ वर्षांचा साठा उघडण्याचा दुसरा मार्ग नाही.

व्हर्च्युअल मशीन चालवण्यासाठी प्रॉक्समॉक्सऐवजी व्हीएमवेअर किंवा हायपर-व्ही वापरणाऱ्यांना मी हे सुचवणार नाही. त्यांच्या मशीनचा थेट बॅकअप यातून होत नाही. त्यांनी व्हीम या बॅकअप सॉफ्टवेअरची १० मशीनपर्यंत मोफत असलेली आवृत्ती पाहावी आणि तिचे बॅकअप एक्सएफएस किंवा आरईएफएस या फाइल व्यवस्थेच्या डिस्कवर ठेवावेत, म्हणजे महिन्याचे पूर्ण बॅकअप प्रत्येक वेळी पूर्ण जागा घेणार नाहीत.