पाच कप्प्यांची शब्दपेटी आणि सोपी इंग्रजी पुस्तके : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपली, तेव्हा अकरावी विज्ञानाची सगळी पुस्तके इंग्रजीत असणार या विचारानेच मला धास्ती वाटत होती. माझे शिक्षण नागपुरात मराठी माध्यमात झाले. इंग्रजी पहिलीपासून होते खरे, पण ते तृतीय भाषा म्हणून, उत्तरे पाठ करून गुण मिळवण्यापुरते. विदर्भात उन्हामुळे सुट्टी लांबते, त्यामुळे हाताशी भरपूर वेळ होता. एप्रिलमध्ये मी तीन गोष्टी एकदम सुरू केल्या : शब्दांच्या चिठ्ठ्यांची पेटी, व्याकरणाची सराववही आणि इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम सोप्या भाषेत लिहिलेली गोष्टींची पुस्तके. आता डिसेंबर आहे, आणि यातले काय उपयोगी पडले व काय नाही, हे सांगण्याइतका अनुभव माझ्याकडे जमा झाला आहे.

त्याआधी दोन महिने मी मोबाइलवरचे एक ॲप वापरत होते. एक शब्द आणि खाली चार पर्याय, त्यातला बरोबर पर्याय निवडायचा. सलग दिवसांचा आकडा वाढत होता, परंतु पर्याय समोर असताना ओळखू येणारा शब्द बोलताना काही केल्या आठवत नसे. ओळखणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळले.

पेटीची पद्धत जुनी आहे. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी ती 1970च्या दशकात लोकांपर्यंत पोहोचवली. तिच्यामागचा विचार त्याहून जुना असून, आपण पाठ केलेले किती वेगाने विसरतो याचे प्रयोग जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर करून 1885 साली प्रसिद्ध केले होते. बाबांच्या बुटांच्या खोक्यात मी पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले आणि घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या तयार केल्या. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने काढायचा. शब्द आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, नाही आठवला तर थेट पहिल्या कप्प्यात परत येते. सुरुवातीला मी दिवसाला पंधरा नवे शब्द घेत होते. तिसऱ्या आठवड्यात रोजच्या उजळणीला तासाहून अधिक वेळ लागू लागला, म्हणून मी ही संख्या सहावर आणली आणि आजही ती सहाच आहे.

पेटीचा खरा उपयोग मात्र मला जूनमध्ये एका चुकीमुळे समजला. ‘रिलक्टंट’ या शब्दाच्या चिठ्ठीमागे मी फक्त ‘नाखूश’ एवढेच लिहिले होते. मी मोठ्या आत्मविश्वासाने इंग्रजीच्या मॅडमना सांगितले, ‘आय ॲम रिलक्टंट विथ माय मार्क्स.’ मॅडम म्हणाल्या, ‘अगं, गुणांवर नाखूश असणं वेगळं आणि एखादी गोष्ट करायला मन तयार नसणं वेगळं.’ त्या दिवसापासून मी चिठ्ठीवर सुटा शब्द लिहिणे बंद केले. आता पुढच्या बाजूला शब्दाच्या जागी रेघ ओढलेले पूर्ण वाक्य असते आणि मागे तो शब्द असतो. जुन्या दोनशेवर चिठ्ठ्या मी पुन्हा लिहिल्या. त्या कामात एक आठवडा गेला, तरी तो सत्कारणी लागला असे मी मानते.

व्याकरणाच्या सराववहीबद्दल माझे मत संमिश्र आहे. रिकाम्या जागा भरण्याचे पानेच्या पाने स्वाध्याय मी बरोबर सोडवत होते आणि बोलताना त्याच चुका करत होते. फरक पडला तो चूक मराठीतल्या कोणत्या सवयीतून येते हे शोधायला लागल्यावर. ‘मी दोन वर्षांपासून राहते’ आणि ‘मी 2023पासून राहते’ या दोन्ही वाक्यांत आपल्याला ‘पासून’ चालते, म्हणून मी दोन्हीकडे ‘सिन्स’ वापरत असे. इंग्रजीत मात्र कालावधी सांगताना ‘फॉर’ आणि सुरुवातीचा क्षण सांगताना ‘सिन्स’ लागते. आमच्या नागपुरी बोलीने एका बाबतीत मला मदतच केली. ‘मी जातो’ आणि ‘मी जाऊन राहिलो’ हा भेद आमच्या तोंडी लहानपणापासून असतो, त्यामुळे साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ यांतले अंतर मला लवकर कळले. पण ‘मला समजून राहिलं’ असेही आम्ही सहज म्हणतो आणि तिथून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ हे चुकीचे वाक्य तयार होते. अशा चुकांची वेगळी वही मी ठेवली आहे आणि विकतच्या सराववहीपेक्षा ती मला अधिक शिकवते.

वाचनाबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचावा, असा सल्ला मला अनेकांनी दिला होता. एकदा मी मोजून पाहिले, तर दोनशे शब्दांत सतरा अनोळखी होते. शब्दकोश उघडता उघडता पहिल्या परिच्छेदात काय म्हटले होते हेच मी विसरून जाई. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भाषातज्ज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने असे मांडले होते की, मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची तर मजकुरातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. मी ए2 पातळीची (भाषाज्ञान मोजण्याच्या युरोपीय मोजपट्टीवरच्या सहांपैकी खालून दुसऱ्या पातळीची) पातळ पुस्तके सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणली. मैत्रिणींसमोर ती काढायला आधी संकोच वाटे. पण मराठी तरी आपण एकदम जाड कादंबरीपासून कुठे वाचायला शिकलो होतो? अशी शब्दसंख्या आखलेली पुस्तके तयार करण्याच्या कामाला ज्यांनी मोठी चालना दिली, ते मायकेल वेस्ट पूर्वी ढाक्याला बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनावरच काम करत होते, हे कळल्यावर माझा संकोच गेला.

लोकमान्य नगरहून सीताबर्डीला जाताना मेट्रोत माझी पाच-सहा पाने वाचून होतात. ऑगस्टमध्ये अंबाझरी तलाव मागे पडत असताना एका गोष्टीतला मुलगा किल्ली परत द्यायला ‘रिलक्टंट’ असल्याचे मी वाचले आणि क्षणभरही न अडखळता पुढे गेले. तो शब्द तेव्हा चौथ्या कप्प्यात होता. नऊ महिन्यांतला माझा सर्वांत आनंदाचा क्षण हाच आहे.

पेटीतल्या उणिवाही सांगायला हव्यात. चिठ्ठी उच्चार शिकवत नाही. ‘डाउट’च्या स्पेलिंगमधला न उच्चारायचा ‘बी’ मी कित्येक दिवस म्हणत होते. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असताना आघात (जोर) शब्दाच्या पहिल्या भागावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर येतो, हे देवनागरीत लिहून ठेवले तरी दिसत नाही. त्यासाठी मोबाइलवरच्या शब्दकोशात उच्चार ऐकणे आवश्यक आहे. मे महिन्यात पेटी कूलरसमोर राहिली, तेव्हा दमट हवेने जेल पेनची शाई पसरून तीसेक चिठ्ठ्या वाया गेल्या. बॉलपेनच वापरावे.

जीवशास्त्राचे पुस्तक मी अजून शब्दकोशाशिवाय वाचू शकत नाही, पण एका पानाला लागणारा वेळ निम्म्यावर आला आहे. माझा धाकटा भाऊ आठवीत आहे आणि त्याच्यासाठी आईने एक खोका बाजूला ठेवला आहे. माझ्या तयार चिठ्ठ्या द्याव्यात असा त्याचा हट्ट आहे. कप्पे मी करून देणार आहे, वाक्ये मात्र त्याने स्वतःच्या वाचनातून स्वतःच्या हाताने लिहायची, असे आमचे ठरले आहे.