मॅग्नेटिक चकला पुरून उरलेलं ओमेगा अ‍ॅक्वा टेरा – उद्यमबागेतून आठ महिन्यांनी

सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकनं (जॉब धरून ठेवणारा मॅग्नेटचा सपाट ठोकळा) माझी दोन घड्याळं खाल्ली, पण तिसरं बाबांचं एचएमटी जनता होतं आणि ते बिघडल्यावर मात्र घरात बोलणी बसली. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे, हायड्रॉलिकचे स्पूल, स्लीव्ह, बुश असले जॉब करतो. जॉब चकवर लावायचा म्हटलं की मनगट चकच्या वर चार बोटांवर येतंच. घड्याळाच्या आत केसासारखी बारीक स्प्रिंग असते, तिला मॅग्नेट लागला की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, मग स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळत सुटतं. जनता दिवसाला वीस-वीस मिनिटं पुढं जायला लागलं. बाबा एका लग्नाला अक्षता पडायच्या तासभर आधी जाऊन बसले, हॉलवाले अजून खुर्च्या मांडत होते.

खडे बाजारातल्या घड्याळवाल्या काकांनी ते मॅग्नेट उतरवायच्या मशीनवर धरलं, बटण दाबलं, हळूच लांब नेलं, झालं काम. पन्नास रुपये. "चकपाशी जाताना काढून ठेव की गा," म्हणाले. आता काढून ठेवणाऱ्यातला मी असतो तर दोन घड्याळं गेली असती काय?

तर असं होत होत ओमेगापर्यंत आलो. शॉपला पंचवीस वर्षं झाली, एका ऑर्डरचे पैसेही बरे आले होते, आणि मॅग्नेटला दाद न देणारं घड्याळ कुठलं म्हणून शोधायला लागलो की फिरून फिरून हेच नाव समोर यायचं. सीमास्टर अ‍ॅक्वा टेरा, ४१ मिमी, निळी डायल, आत ८९०० कॅलिबर, म्हणजे आतल्या मशीनचं मॉडेल. पुण्याच्या एका दुकानातून घेतलं. किंमत लिहीत नाही, बायको हे वाचणार आहे. एवढंच सांगतो की तेवढ्यात बऱ्यापैकी सेकंडहँड स्विफ्ट आली असती.

पहिलं मॅग्नेटचंच सांगतो कारण पैसे त्याचेच दिले. कंपनी म्हणते १५,००० गॉसपर्यंत (गॉस म्हणजे मॅग्नेटचा जोर मोजायचं माप) काही होत नाही. जुनी पद्धत अशी होती की घड्याळाच्या आतल्या मशीनभोवती मऊ लोखंडाचा डबा घालायचा, मॅग्नेटचं फील्ड डब्यातनं फिरून जायचं आणि आतलं वाचायचं. रोलेक्सचं मिलगॉस १९५६ चं, ते १,००० गॉसला पुरायचं आणि नावातच ते हजार आहेत. ओमेगानं २०१३ मध्ये डबाच काढून टाकला आणि आतले नाजूक भाग अशा मटेरिअलचे केले की मॅग्नेटनं धरायला काही उरलंच नाही. ती केसासारखी स्प्रिंग इथं सिलिकॉनची आहे. तार ओढून वळवलेली नाही, मोबाइलच्या चिपा करतात तशी वेफरमधून एचिंग करून काढलेली. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ गप्पच बसलो, कारण आमच्या लाइनमध्ये स्प्रिंग म्हटली की तार आली, वाइंडिंग आलं, हीट ट्रीटमेंट आली, आणि हे लोक ती फोटो छापल्यासारखी काढतात. लोखंडी डबा गेला म्हणून मागं सफायरची काचही बसवता आली, त्याबद्दल पुढं.

टेस्ट केली का? केली की. आठवडाभर टायमिंग लिहून ठेवलं, मग एका रविवारी शॉपमध्ये कोणी नसताना सरळ चकवर ठेवलं आणि लिव्हर ऑन केला. घड्याळाची केस, म्हणजे बाहेरची बॉडी, ३१६एल स्टीलची म्हणून चिकटली नाही, पण माझ्या पोटात जे काही झालं ते झालंच. दहा मिनिटं ठेवलं. पुढचा आठवडा परत लिहिलं. फरक शून्य. काकांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला, म्हणाले स्विफ्टवर हातोडा मारून बघतोस काय. (तुम्ही करू नका, मी मूर्ख आहे म्हणून तुम्ही व्हायची गरज नाही.)

टायमिंग. मोबाइलशी लावून तीस दिवस डायरीत लिहिलं, जॉबचा इन्स्पेक्शन रिपोर्ट लिहितो तसंच. तीस दिवसांत ४८ सेकंद पुढं, म्हणजे दिवसाला १.६ सेकंद. ऐकायला काहीच वाटत नाही ना, मलाही वाटलं नव्हतं, मग गणित केलं. दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्यात दीड-पावणेदोनची चूक, म्हणजे एक मीटर लांबीच्या जॉबला अठरा-एकोणीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मीटरभर शाफ्टला वीस मायक्रॉनच्या आत लांबी द्या म्हणून कोणी ड्रॉइंग पाठवलं तर मी आधी एसी रूम आहे का विचारतो आणि मग रेट तिप्पट सांगतो. इथं ते हातावर होतंय, जूनच्या गारठ्यात, एप्रिलच्या उन्हात, मी बुलेटवर खड्ड्यात आदळत असताना. आणि चूक एका बाजूलाच आहे, कधी मागं पडत नाही, हे मला जास्त आवडलं. प्लसमध्ये आलेला जॉब घासता येतो, मायनसमध्ये गेलेल्याचं काय करणार.

हे आपोआप होत नाही. आधी आतलं मशीन सीओएससीकडं, म्हणजे टायमिंग तपासणाऱ्या स्विस संस्थेकडं, जाऊन पास होतं, दिवसाला –४ ते +६ सेकंद, आणि मग अख्खं घड्याळ मेटासच्या टेस्टला. मेटास म्हणजे स्विस सरकारची मापांची संस्था. दहा दिवस, आठ टेस्ट, सहा पोझिशन, दोन तापमानं, १५,००० गॉसमध्ये घालून काढायचं, पाण्यात बुडवायचं, आणि शेवटी दिवसाला ० ते +५ च्या आत पाहिजे. थोडक्यात थर्ड पार्टी इन्स्पेक्शन. आमच्याकडं कस्टमरचा माणूस येऊन चहा पिऊन दोन पीस बघून सही करून जातो.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट. दोनशे रुपयांचं सेलवालं घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंदच चुकतं, म्हणजे टायमिंगमध्ये ते ह्याला सरळ हरवतं. आत क्वार्ट्झचा खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्याच्यापुढं हे सेकंदाला सात टोले देणारं काय टिकणार? ज्याला फक्त वेळ पाहिजे त्यानं पुढचं वाचू नये.

ते सात टोले कसे पडतात त्यातच मजा आहे. साध्या घड्याळात एक नांगरासारखा तुकडा चाकाचा एकेक दात अडवतो-सोडतो, हा प्रकार अठराव्या शतकातल्या थॉमस मज नावाच्या इंग्रजाचा, अजून चालतो, जनतामध्येही तोच आहे. त्यात दात त्या नांगराच्या खड्यावरून घासत घासत ढकलतो. घासणं आलं म्हणजे तेल आलं, तेल काही वर्षांनी घट्ट झालं की टायमिंग गेलं. जॉर्ज डॅनियल्स म्हणून दुसरा इंग्रज, हा हातानं अख्खी घड्याळं बनवणारा माणूस, त्यानं १९७० च्या दशकात को-अ‍ॅक्सिअल काढलं. एकाच आसावर दोन चाकं, आणि ढकलताना घासायचं नाही, टपली मारून बाजूला व्हायचं. झोपाळा ढकलतो तसं. तळवा घासत नेत नाही आपण, एक धक्का देतो आणि हात काढतो. स्विस कंपन्यांच्या दारोदार फिरला म्हणे, शेवटी ओमेगानं घेतलं आणि १९९९ मध्ये बाजारात आणलं. पंचवीस वर्षं एक आयडिया उराशी धरून हिंडायचं हे वाचलं आणि शॉपमध्ये पडलेल्या माझ्या अर्धवट फिक्स्चरकडं बघितलं, असो.

आता फिनिश, म्हणजे ज्यासाठी लोक भिंग घेऊन बसतात. काकांकडं नेलं, त्यांनी डोळ्याला आयग्लास लावला आणि पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मीही बघितलं. मागच्या काचेतनं ब्रिजवरच्या (चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवरच्या) लाटा दिसतात, मधनं निघून बाहेर वळत गेलेल्या, स्क्रू काळे, अक्षरं लाल. पण माझी नजर कडांवर. आमच्याकडं अर्धं रिजेक्शन बरमुळं (कापताना कडेला राहिलेलं धातूचं कुसळ) येतं, जॉब मापात असतो पण कडेला नखाला लागेल एवढी बर राहते आणि अख्खा लॉट परत. इथं कुठं बर शोधतोय तर नाही, प्रत्येक ब्रिजला चॅम्फर, म्हणजे तिरकी कापलेली कड, रुंदी सगळीकडं सारखी. पण हे मशीनचं काम आहे, हातचं नाही. आतल्या कोपऱ्यात बघा, हातानं केलेल्या चॅम्फरचे दोन पट्टे तिथं टोकदार मिळतात, ह्यात कटर फिरतो तेवढी गोलाई राहते. टोकदार कोपऱ्याला फिलिप ड्यूफूरसारखा हातानं घड्याळं करणारा स्विस माणूस लागतो आणि मग किंमत स्विफ्टमध्ये मोजत नाहीत, बंगल्यात मोजतात. मला वाईट वाटलं नाही उलट. हजारोंनी पीस काढून प्रत्येकाची कड अशी ठेवायची हे ज्यानं प्रॉडक्शन केलंय त्यालाच कळेल किती अवघड आहे, एक पीस भारी काढणं तर कोणीही करतं.

बाहेरचं सांगायचं तर केसचे पाय बघा, पट्टा जिथं लागतो ते. पीळ दिल्यासारखे वळलेत, अर्धा भाग ब्रश केलेला, अर्धा आरशासारखा, आणि दोन्हीमधली रेघ ब्लेडनं मारल्यासारखी. पॉलिश करताना पहिलं काय होतं तर कोपरे मरतात, बफवर एक सेकंद जास्त धरलं की कड गोल. इथं वळणावरसुद्धा कड जिवंत आहे. डायलवर आडव्या रेघा आहेत, जहाजाच्या लाकडी डेकसारख्या. २०१७ च्या आधी त्या उभ्या होत्या, मला आडव्याच बऱ्या वाटतात. ढगाळ दिवशी निळा रंग जवळजवळ काळा होतो आणि बेळगावात जून ते सप्टेंबर ऊन दिसतंय कुठं, त्यामुळं वर्षातले चार महिने माझं घड्याळ काळं आहे. पावसाचं म्हणाल तर १५० मीटरचं आहे, तिसऱ्या गेटपाशी भिजत उभं राहायला पुरतं.

तक्रारी. मोठी पहिली: पट्टा. क्लास्प फुलपाखरासारखं दोन्हीकडं उघडतं, दिसायला छान, पण बारीक अ‍ॅडजस्टमेंटच नाही. सकाळी ढिला, दुपारी शॉपमध्ये मनगट सुजलं की टाईट. आत मायक्रॉन सांभाळायचे आणि हाताला मात्र लिंकच्या हिशेबानं बसायला लावायचं. मधल्या लिंक पॉलिश केलेल्या, आठ महिन्यांत त्यावर बेळगावचा नकाशा उमटलाय. जाडी तेरा मिमीच्या वर आहे, फुल शर्टच्या बाहीत जाताना अडकतं. सेट करायची पद्धतही जरा विचित्र. खुंटी पहिल्या टप्प्यावर ओढली की फक्त तासकाटा उड्या मारतो, मिनिट-सेकंद चालूच राहतात, परदेशी फिरणाऱ्यांसाठी सोय. मी शिनोळीला जातो, तिथं राज्य बदलतं पण टाइम बदलत नाही. वर तारीख बदलायला तोच काटा फिरवायचा, म्हणजे आठवडा काढून ठेवलं तर साठ तासांनी बंद पडतं आणि मग तारखेसाठी काटा गरागरा फिरवत बसा.

बाबांनी हातात घेतलं, आधी कानाला लावलं, "आवाज नाय की रे ह्याला," म्हणाले. मग खुंटी फिरवून बघितली, मग परत दिलं. "आमचं एचएमटी काय वाईट टाइम दाखवत होतं काय गा?" आमच्या शॉपमधला जुना लेथही एचएमटीचाच, एलबी १७, अजून चालतोय, त्यामुळं ह्या विषयावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. लेथवरचा पोरगा मात्र रोज सुट्टीच्या आधी मुद्दाम मला विचारतो, "टैम एष्टातु री?" (कन्नडमध्ये, किती वाजले?) भिंतीवर घड्याळ आहे त्याच्या समोर, तरी.

सर्व्हिसचं विचारून ठेवलंय. काका म्हणाले मी हात लावणार नाही, ह्याचे पार्ट बाहेर मिळत नाहीत, कंपनीकडंच पाठवायला लागणार. वॉरंटी पाच वर्षं आहे, तोवर चिंता नाही. दुकानाबद्दल एकच, माप घेऊन पट्ट्याच्या दोन लिंक काढल्या आणि त्या डब्यात टाकायलाच विसरले. एवढ्या किमतीच्या घड्याळाला. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "सर कुरिअर केलंय" म्हणाले. सध्या वीस मिमीचा चामडी पट्टा घातलाय, काकांनीच बसवून दिला, चारशे रुपये, आणि खरं सांगतो स्टीलपेक्षा बरा बसतोय. लिंक आल्या की इथंच खाली लिहितो.