टीसीपी की यूडीपी? सर्व्हरशी बोलणारा प्रोग्रॅम लिहिण्याआधी

टीसीपी आणि यूडीपी हे नेटवर्कवरून डेटा पाठवण्याचे दोन प्रोटोकॉल, म्हणजे नियमसंच. दोन्हींत वेगवान कोण, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. एखादं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) वाटेत हरवलं तर तुमचं काय बिघडेल, ते आधी ठरवा.

ऑर्डर, पैसे, फाइल, चॅट यांतलं काही असेल तर टीसीपीच घ्या. हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जातं आणि डेटा पाठवला त्याच क्रमाने हाती येतो. त्या बदल्यात जोडणी जुळवण्यात जाण्या-येण्याची एक फेरी जाते, आणि एक पॅकेट अडलं की मागचे सगळे खोळंबतात.

नवखे अडकतात ते मात्र भलतीकडेच. टीसीपीला एक निरोप कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे कळत नाही; त्याच्या लेखी सगळे सलग बाइट. ‘आशा’ आणि ‘वाई’ अशा दोन ओळी वेगवेगळ्या पाठवल्या, तरी पलीकडे एकाच वाचनात दोन्ही येतील, नाहीतर दीडच येईल. आपल्याच मशीनवर चाचणी करताना हे सहसा दिसत नाही, म्हणून जास्त घातक. मराठी मजकुराला तर दुप्पट जपायला हवं. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) ‘आशा’चे ९ बाइट होतात, आणि ‘शा’च्या मधोमधही तुकडा पडू शकतो. त्यामुळे आलेले बाइट बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवा आणि ओळ पूर्ण झाल्यावरच डीकोड करा, म्हणजे अक्षरांत बदला. निरोपाआधी लांबी पाठवणार असाल तर ती बाइटांत मोजा, अक्षरांत नको.

यूडीपीत ही भानगड नाही: एक डेटाग्राम म्हणजे एक निरोप. हेडर (निरोपाच्या पुढे जोडलेली माहिती) फक्त ८ बाइटांचं, टीसीपीचं किमान २०. पण निरोप हरवेल, दोनदा येईल, मागचा पुढे येईल, आणि कुणी सांगणारही नाही. व्हॉइस कॉल, गेममधल्या हालचाली, डीएनएसची (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधण्याची) छोटी विचारणा यांना ते चालतं. डेटाग्राम १,२०० बाइटांच्या आत ठेवा, म्हणजे वाटेत तुकडे होण्याची भीती राहत नाही.

यूडीपी घेऊन त्यावर पोच, क्रम, पुनःप्रेषण असं सगळं स्वतः रचायला लागलात, तर थांबा. यूडीपीवर बांधलेल्या क्विक (QUIC) या प्रोटोकॉलने नेमकं तेच केलंय. २०२१ मध्ये त्याचं मानक आलं आणि एचटीटीपी/३ (वेबच्या एचटीटीपी प्रोटोकॉलची तिसरी आवृत्ती) त्यावरच चालतं. ते तयार वापरा. सर्व्हर एचटीटीपी बोलत असेल तर सॉकेटला (प्रोग्रॅममधलं जोडणीचं टोक) थेट हातच लावू नका, लायब्ररी घ्या.

काहीही निवडलंत तरी टाइमआउट (किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा) स्वतः लावा. पायथनचं सॉकेट मुळात टाइमआउटशिवायच उघडतं, आणि पलीकडचा सर्व्हर गप्प झाला तर प्रोग्रॅम तिथेच वाट पाहत बसतो.