मॅक्स रिक्टर: काही महिने रोज ऐकल्यानंतर

संगीतकार मॅक्स रिक्टर यांचं संगीत फोनच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका, हे आधीच सांगतो. व्हायोलिनची सुरावट तिथेही गोड लागते, पण या रचनांचा निम्मा जीव खर्जात आहे आणि तो खर्ज छोट्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. गेले काही महिने मी चांगल्या हेडफोनवर रोज ऐकतोय. माझं ठाम मत झालंय की त्यांचा सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सूर काढणारं वाद्य, सजावटीसाठी नाही. मैफलीत तंबोऱ्याचं जे काम, तेच तो करतो.

सगळ्यात जास्त ऐकला तो २०१२ चा 'रिकम्पोज्ड' हा अल्बम. अठराव्या शतकातले इटालियन संगीतकार विवाल्डी यांचे 'चार ऋतू' (फोर सीझन्स) जाहिरातींत वाजून वाजून गुळगुळीत झालेले. रिक्टर यांनी मूळ संगीतातला सुमारे पाऊण भाग बाजूला ठेवला आणि उरलेल्या तुकड्यांतून नवं उभं केलं. 'वसंत' या भागात त्यांनी पक्ष्यांच्या किलबिलाटाचा तुकडा तेवढा उचललाय. व्हायोलिनं तोच एकमेकांवर चढवत जातात आणि खालून बास संथपणे सरकत राहतो. ओळखीची धून आता येईल, मग येईल म्हणून आपण कान टवकारतो, ती येतच नाही! २०२२ मध्ये चिनेके ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी हेच पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, या वेळी प्राण्यांच्या आतड्यापासून केलेल्या जुन्या पद्धतीच्या तारा लावून आणि मूग कंपनीचा जुना सिंथेसायझर घेऊन. मला हे जास्त आवडतं. तारांची खरखर आणि मूगचा जाडसर आवाज एकाच घराण्यातले वाटतात.

'स्लीप' २०१५ चं, आठ तासांहून मोठं, झोपेत ऐकण्यासाठीच रचलेलं. याच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांत श्रोत्यांना खुर्च्यांऐवजी पलंग देतात. मी आवाज अगदी कमी ठेवून रात्रभर लावतो. मध्येच जाग आली की गायिका ग्रेस डेव्हिडसन यांचा शब्दांविना गाणारा सूर कानावर येतो आणि पुन्हा डोळा लागतो. जागेपणी ऐकायचं तर 'फ्रॉम स्लीप' ही तासाभराची आवृत्ती घ्या.

२०२० च्या 'व्हॉइसेस'बद्दल मात्र मन दुभंगलेलं आहे. त्यात ऑर्केस्ट्राच उलटा केलाय: व्हायोलिनं मोजकी, चेलो आणि डबल बास ही खर्जातली वाद्यं ढीगभर. नाद जबरदस्त. पण वर मानवाधिकारांच्या जाहीरनाम्याचं वाचन चालू असतं. पहिल्यांदा ते अंगावर येतं, पुढे पुढे संगीताच्या आड येतं. अल्बममध्येच निवेदनाशिवायची आवृत्तीही आहे, मी तीच लावतो.

खरी तक्रार वेगळी आहे. स्वरसंगतींच्या त्याच त्या चाली बऱ्याच रचनांत भेटतात आणि ओळीने दोन अल्बम ऐकले की ते जाणवतं. २००४ च्या 'द ब्लू नोटबुक्स'मधलं 'ऑन द नेचर ऑफ डेलाइट' तर 'अरायव्हल'सकट इतक्या चित्रपटांत वापरलं गेलंय की त्याचंही विवाल्डींसारखंच होऊ लागलंय. ते मी सध्या मुद्दाम बाजूला ठेवलंय.