सरकारी रोखे: स्वदेशी कायदा की परदेशी?

सरकार रोखे काढते तेव्हा व्याजदरावर भरपूर चर्चा होते. वाद झाला तर कायदा कुठला लागू होणार, याकडे फारसे कोणी बघत नाही. कर्ज फेडता येईनासे झाले की हाच प्रश्न सगळ्यात मोठा ठरतो.

रोखे स्वदेशी कायद्याखाली असतील तर सरकारच्या हाती स्वतःची संसद असते. ग्रीसने फेब्रुवारी 2012 मध्ये कायदा करून जुन्या रोख्यांना मागाहून अट जोडली: मतदानात दोन-तृतीयांश मूल्याच्या धारकांनी रोख्यांच्या अटी बदलायला होकार दिला, की उरलेल्यांनाही तो बंधनकारक. दर्शनी मूल्यात, म्हणजे रोख्यावर लिहिलेल्या रकमेत, 53.5 टक्के कपात झाली. बहुतेक रोखे ग्रीक कायद्याखालचे होते, म्हणूनच हे जमले.

परदेशी कायद्यात ही पळवाट नाही, त्यामुळे गुंतवणूकदाराला धीर येतो. पण अर्जेंटिनाचे काय झाले? 2001 मध्ये परतफेड थांबली. बहुतेक धारकांनी पुढे कमी पैशांवर तडजोड स्वीकारली, तरी न्यूयॉर्कच्या कायद्याखालचे रोखे धरून बसलेले काही फंड न्यायालयात गेले. त्यांना पैसे दिल्याशिवाय तडजोड केलेल्यांनाही देता येणार नाहीत, असा आदेश निघाला आणि जुलै 2014 मध्ये देश पुन्हा थकबाकीदार ठरला. मिटवामिटवी झाली ती 2016 मध्ये. मूठभरांसाठी अख्खा देश वेठीला धरला जाणे मला अन्यायाचे वाटते.

परदेशी कायदा घ्यावाच लागला, तर बहुमताचा निर्णय सर्वांना बंधनकारक करणारे कलम पहिल्या दिवसापासून करारात हवे.