काचेच्या शोकेससाठी वूल पाइल आणि सिलिकॉन पट्टी, वापरून लिहिलेला रिव्ह्यू

शोकेसला काच आहे म्हणजे आत धूळ जाणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आतल्या एखाद्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर टॉर्च आडवा मारून बघावा. माझ्याकडे डाय-कास्ट गाड्या आहेत, म्हणजे खऱ्या गाड्यांची धातूची छोटी मॉडेल्स, बहुतेक १:६४ च्या (खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या) आणि काही १:१८ च्या, पुण्यात रस्त्यालगतचा फ्लॅट आणि समोर बिल्डिंगचं काम, त्यामुळे धूळ आमच्याकडे बारमाही. आणि ही धूळ म्हणजे नुसती माती नाही हो, त्यात सिमेंट असतं, बारीक वाळू असते, कोरड्या फडक्याने पुसली की पेंटवर चरे पडलेच म्हणून समजा, शिवाय पुसताना साइड मिरर नाहीतर वायपर हातात येतो. म्हणून पुसायची वेळच कमी यावी यावर सगळा जोर द्यायचा.

मी दोन गोष्टी वापरतोय. एक म्हणजे वूल पाइल, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या चॅनलमध्ये असते ती केसाळ पट्टी, मागे चिकट टेप असलेली. दुसरी पारदर्शक सिलिकॉन पट्टी, काचेच्या कडेवर दाबून बसते आणि तिला एक पातळ पाकळी असते. दोन्ही रविवार पेठेत बोहरी आळीत मिळाल्या, मीटरवर कापून देतात. ऑनलाइन पण आहेत पण तिथे मिलिमीटरचा भरवसा नाही, आणि इथे सगळा खेळ मिलिमीटरचाच आहे.

आधी सरकत्या काचेचं सांगतो कारण खरी गळती तिथेच आहे. दोन काचा एकमेकींच्या पुढेमागे सरकतात म्हणजे मधे जिथे एकीवर दुसरी येते तिथे वरपासून खालपर्यंत उभी फट राहतेच, कितीही चांगला सुतार असू दे. ती फट बाहेरून दिसत नाही. रात्री खोलीतले दिवे बंद करा, शोकेसच्या आत मोबाइलचा टॉर्च लावून ठेवा आणि काच बंद करा, जिथून उजेडाची रेघ बाहेर येते तिथून धूळ आत जाते, बस, एवढीच टेस्ट. माझ्याकडे मधली उभी रेघ आणि वरच्या चॅनलमधली आडवी रेघ झगझगीत दिसत होती. वरची यासाठी की काच काढता यावी म्हणून वर जागा सोडलेली असते.

मधल्या फटीत आतल्या काचेच्या कडेला वूल पाइल लावली. फट ४ मिमी असेल तर केस ५ ते ६ मिमी उंचीचे घ्या, त्याहून उंच घेतले तर काच सरकवताना जोर लागतो आणि पट्टी एका टोकाने सुटायला लागते. चिकटवण्याआधी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या, हा टप्पा कुणी टाळू नका. आता काळ्या गाड्यांवर पूर्वी ज्या वेळात राखाडी थर यायचा त्याच्या कितीतरी पट उशिरा हलकीशी पूड दिसते, ती कॅमेऱ्याच्या ब्लोअरने उडते. फडकं लागतच नाही!

सिलिकॉन पट्टी १:१८ वाल्या कपाटाला लावली, त्याला बिजागरीची दारं आहेत. दोन दारं जिथे भेटतात तिथे आणि खालच्या कडेला लावली. काचेची जाडी मोजून घ्या, ५ मिमी काचेला ८ मिमीची पट्टी लावली तर ती डुगडुगते. पाकळी लांब वाटली तर कटरने सरळ छाटता येते. दिसायला अगदी पुसटशी दुधी रेघ दिसते, मला चालते. पण एक जपा, शॉवरच्या दाराच्या म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच पट्ट्या पीव्हीसीच्या असतात, कालांतराने पिवळ्या आणि कडक होतात. विचारून घ्या. आयकियाचं डेटॉल्फ नावाचं काचेचं कपाट कलेक्टर लोकांत जगभर फेमस होतं, त्याच्या दारालाही लोक अशाच पट्ट्या लावायचे.

स्पंजची करडी टेप मात्र घेऊ नका. माझ्या एका मित्राच्या कपाटाला होती, तो स्पंज चिकट झाला, मग भुगा झाला, आणि तो भुगा गाड्यांवर पडला. म्हणजे धूळ अडवायला लावलेली वस्तूच धूळ देतेय.

मागचे कोपरे ट्यूबमधल्या सिलिकॉनने बुजवायचे असतील तर न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, असं लिहिलेलंच घ्या. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं आणि गाड्यांची बॉडी असते जस्ताच्या मिश्रधातूची, बंद कपाटात ती वाफ धातूला खाते. सुकेपर्यंत सगळ्या गाड्या बाहेर.

आता लाइटचं, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. एलईडी लावले की आतली हवा तापते, फुगते आणि थोडी बाहेर जाते, लाइट बंद केले की हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरची हवा धुळीसकट आत ओढते, रोज. तापमान १० अंशांनी बदललं तर हवेचं आकारमान साधारण ३ टक्क्यांनी बदलतं. म्हणून एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा छोटा डबा, कपाटाच्या बाहेर ठेवा, तो बराच तापतो. वूल पाइलचा इथे फायदा असा की हवा केसांतून गाळून आत येते. म्युझियमच्या उत्तम शोकेसमध्ये दिवसभरात आतली हवा जेमतेम एक दशांश बदलते असं मानलं जातं, आपल्या घरच्या कपाटाकडून तेवढी अपेक्षा नाही, पण फटी कमी केल्या की फरक डोळ्यांना दिसतो.

वूल पाइलला ५ पैकी साडेचार, अर्धा कापला कारण कापलेल्या टोकाचे केस सुरुवातीला झडतात, कापल्यावर टोकाला फेविक्विकचा थेंब लावून सुकवा आणि मगच बसवा. सिलिकॉन पट्टीला चार. सगळं मिळून खर्च एका बऱ्यापैकी मॉडेलपेक्षा कमी आला. पावसाळ्यात मात्र बंद कपाटात आत दमट हवा अडकते, स्टिकरच्या कडा सुटतात, म्हणून रंग बदलणारं सिलिका जेल प्रत्येक कप्प्यात ठेवा आणि रंग बदलला की बाहेर काढून गरम करून परत ठेवा.