सोलापुरातील पुराहवामान अभ्यासवर्ग : चार रविवारांचा अनुभव

सात रस्ता परिसरातील एका सभागृहात भरलेला पुराहवामानशास्त्राचा, म्हणजे प्राचीन काळच्या हवामानाच्या शास्त्राचा, अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. चार रविवार, दर वेळी दोन तास आणि शुल्क सहाशे रुपये. सोलापुरात पारा चाळिशी ओलांडत असताना हिमयुगाविषयी ऐकायला पैसे भरून कोण जाणार, असे घरच्यांनी विचारले होते. प्रत्यक्षात एकही खुर्ची रिकामी नव्हती.

या वर्गाचे खरे बळ असे, की येथे निष्कर्षाआधी पुरावा हातात येतो. पहिल्याच दिवशी सागाच्या खोडाची गुळगुळीत घासलेली चकती, भिंग आणि टाचणी आमच्यापुढे ठेवण्यात आली. वाढवलये मोजताना माझी संख्या 43 आली, तर शेजारच्या निवृत्त गुरुजींची 46. बरोबर कोण, हे सरांनी सांगितलेच नाही. त्याच जंगलातील दुसऱ्या झाडाची चकती देऊन अरुंद वलयांचा क्रम दोन्हींत जुळतो का, ते त्यांनी पाहायला लावले आणि ते जुळवताना मी ओलांडून गेलेली तीन वलये मला आपोआप सापडली.

दुसऱ्या रविवारी लोणार आले. त्या सरोवराच्या तळातील गाळात गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक सापडले आहेत. पाणी फार आटून अतिखारट झाले की ते तयार होतात, आणि त्यांवरून सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा दीर्घ शुष्ककाळ ओळखला गेला आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी कोठारे उघडली तो दुष्काळ असा गाळात दिसेल काय, असे मी विचारले. गाळाचे थर बहुधा दशकांचा आणि शतकांचा हिशेब देतात, एकेका सालासाठी वृक्षवलये किंवा गुहांतील चुनखडीचे बारीक थर लागतात; शिवाय माणसे उपाशी राहण्याला धान्याचे भाव आणि वाहतूकही कारणीभूत असते, हे उत्तर मला फार पटले.

तिसरे सत्र सर्वांत सरस होते. अंटार्क्टिकातील डोम सी या ठिकाणी खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या लांब दंडगोलातील, म्हणजे गाभ्यातील, बुडबुड्यांत आठ लाख वर्षांची हवा कोंडलेली आहे, आणि त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत साधारण 180 ते 300 च्या दरम्यानच राहिले. बुडबुडा भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने लहान असतो, कारण हिम दाबून घट्ट होईपर्यंत त्यात वरची हवा खेळत राहते, ही बारीक गोष्टही सरांनी सोडली नाही. ‘हवामान तर पूर्वीही बदलतच होते’ हा नेहमीचा आक्षेप एका गृहस्थांनी घेतला, तेव्हा सरांनी फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या : शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे 80 ने वाढ, काळ सुमारे सात हजार वर्षे; 1958 मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ वेधशाळेत 315, आता 420 च्या वर. त्या जुन्या बदलांची सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतील आणि आसाच्या कलातील संथ फेरांनी होत असे, आणि कार्बन डायऑक्साइड त्यात भर घाली. आजच्या वाढीचा उगम मात्र वेगळा आहे : वनस्पतींपासून बनलेल्या कोळशात आणि तेलात कार्बन-13 हा कार्बनचा किंचित जड प्रकार कमी असतो, आणि हवेतील त्याचे प्रमाणही तसेच घटत चालले आहे. गृहस्थ गप्प बसले नाहीत, पण त्यांनी ते आकडे वहीत उतरवून घेतले.

उणिवा दोन. चौथ्या रविवारी हवामानाचे गणित मांडणाऱ्या संगणकीय प्रारूपांचा विषय अक्षरशः उरकण्यात आला. भूतकाळातील नोंदींवर ही प्रारूपे कशी तपासतात, हे ऐकण्यासाठीच मी आलो होतो आणि त्याला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. दुसरे म्हणजे बोलणे उत्तम मराठीत, पण वाटलेली टिपणे सगळी इंग्रजीत. आलेखांत काही ठिकाणी वर्तमान डावीकडे, तर काही ठिकाणी उजवीकडे होता, त्यामुळे गुरुजींनी एक हिमयुग उलटेच वाचले.

तरीही सहाशे रुपये वसूल झाले. पुढील तुकडीत जाणाऱ्यांनी भिंग स्वतःचे न्यावे, कारण वर्गातील चार भिंगे सर्वांना पुरत नाहीत, आणि जागा खिडकीपासून दूरची धरावी. दुपारच्या उन्हात पडद्यावरचे काही दिसत नाही.